दिवसाआडची गोळी

घरात त्याला सगळे चौकश्या म्हणत. नाव ताईनं ठेवलेलं. आई लवकर गेली, तेव्हा ताई स्वतःच शाळेत होती, पण त्याला वाढवलं तिनंच. ती वेणी घालायला बसली की हा विचारणार, आरशातली तू डावरी का? ताई म्हणायची, "तुझ्या तोंडाला एक कुलूप आणते, किल्ली माझ्याकडे राहील." पन्नाशी आली, टक्कल पडलं, पण चौकश्या हे नाव काही सुटलं नाही.

अशा माणसानं लोकांचे प्रश्न गोळा करणारं यंत्र बनवावं, यात नवल काही नाही.

वेबसाइटना लेख पुरवणाऱ्या एका छोट्या कंपनीत तो संगणकांचं पाहायचा. टायरच्या दुकानावरच्या दोन खोल्या, आणि रोज सकाळी लिहिणाऱ्यांचं एकच रडगाणं: आज लिहायचं कशावर? लोक इंटरनेटवर कोणते शब्द टाकून शोधतात, ज्याला ती मंडळी कीवर्ड म्हणतात, ते सांगणारी टूल बाजारात होती; पण त्यांची फी ऐकली की मालकाला ठसका लागायचा. चौकश्यानं मनावर घेतलं. आपण असं टूल करायचं आणि सगळ्यांना फुकट द्यायचं. वर्षभराचे रविवार त्यानं त्यात घातले. जेवणाच्या टेबलाची एक बाजू वायरींनी कायमची अडवली. बायको म्हणाली, "सवत आणलीस ती आणलीस, निदान जेवायच्या वेळी तरी तिला उठव."

टूल साधं होतं. 'गुडघा' लिहिलं की गुडघ्याबद्दल लोक काय काय विचारतात ते खाली येई. वापरणारे ज्या प्रश्नावर जास्त बोट ठेवत, तो आपोआप वर चढे. हे नीट चालतं का ते बघायला, जगात कुणीच विचारला नसेल असा एक प्रश्न हवा होता, म्हणजे तो कुठे उगवतो ते लगेच दिसलं असतं. चौकश्यानं मनचाच एक ठोकून दिला: रक्तदाबाची गोळी दिवसाआड घेतली तर जास्त लागू पडते का? प्रश्न जिथे यायला हवा तिथे आला. गडी खूश झाला, आणि त्या खुशीत तो काढून टाकायचं विसरला. हुशार माणसांचं हे असंच असतं. पदार्थ जमला की गॅस बंद करायचा राहतो त्यांचा.

फुकट म्हटल्यावर उड्या पडल्याच. कुठकुठली लिहिणारी माणसं टूल वापरू लागली, आभार कळवू लागली. मालकानं पाठ थोपटली. चौकश्या जमिनीपासून वीतभर वरून चालायला लागला.

वर्ष उलटलं. एका दुपारी तो ताईकडे गेला. तिचं शाळेचे गणवेश शिवायचं दुकान आहे. पुढे गिऱ्हाईक, मागे बायका मशीनवर. ताई मशीनवर नव्हती. कापडाच्या गठ्ठ्याला टेकून डोकं धरून बसली होती.

"काय झालं गं?"

"काही नाही रे. सकाळपासून डोकं ठणकतंय. सुया दोन दिसतायत, दोरा मात्र एकच."

"गोळी घेतलीस ना?"

"आज नसते. आज सुटी."

"गोळीला कसली सुटी?"

"दिवसाआड घेते मी हल्ली. रोज घेतली की अंगाला सवय होते. दिवसाआड घेतली की जास्त लागू पडते." ताईनं फोन पुढे केला. "सगळीकडे लिहिलंय. तू एवढा संगणकातला, तुला ठाऊक नाही?"

चौकश्यानं फोन घेऊन वाचलं. शब्दन्शब्द त्याचा होता. लेखांमागून लेख, कुणी 'होय, पण' म्हणणारं, कुणी नुसतंच 'होय' म्हणणारं, आणि प्रत्येकाच्या माथ्यावर त्याचा प्रश्न.

"ताई, हा प्रश्न माझा आहे. मी मनानं रचलाय. यंत्र तपासायला."

ताई हसली. डोकं ठणकत असूनही हसली. "लहानपणी ग्रहण लागलं की तेही मीच लावलं म्हणायचास."

"अगं, खरंच सांगतोय."

"मग एवढी माणसं लिहितायत ती खुळी, आणि शहाणा तू एकटा?"

वाद न घालता त्यानं तिला उचललं आणि दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी रक्तदाब मोजला, परत मोजला, आणि चांगलंच फैलावर घेतलं. ताईनं तिथे गरीब गाईसारखी मान हलवली. बाहेर आल्यावर म्हणाली, "त्यांचं कामच आहे ते. रोज घ्या म्हणणारच."

त्याच दिवशी त्यानं आपला प्रश्न टूलमधून काढला. उपयोग शून्य. आता शोधायच्या खिडकीत 'रक्तदाबाची गोळी' एवढं लिहिलं तरी बाकीचं वाक्य जग स्वतःच पुरं करत होतं. लेख वाचून लोक आता खरोखरच विचारत होते. सर्वांत वर असलेल्या लेखाच्या लेखिकेला त्यानं फोन लावला.

"बाई, हे तुम्ही कशाच्या आधारावर लिहिलंत?"

"लोक विचारत होते. तुमच्याच टूलमध्ये वर होतं. फार छान टूल आहे हो तुमचं."

"पण हे खरं आहे का, ते कुणाला विचारलंत?"

"प्रश्न लोकांचा, उत्तर माझं. मध्ये तिसरं कोण असतं?" बाईंचा आवाज जरा कडक झाला. "आणि खोटं होतं तर तुम्ही ठेवलंत कशाला?"

चौकश्यानं फोन ठेवला. त्यानं स्वतः एक लेख लिहिला: असं करू नका, हा प्रश्नच बनावट आहे. तो कुठे तरी तळाला जाऊन बसला. 'नाही' म्हणणारं वाचायला कोण येतंय?

मग त्यानं एकच धरलं. रोज सकाळी ऑफिसला जायच्या आधी ताईच्या दुकानात जायचं, पाण्याचा पेला तिच्या हातात द्यायचा, आणि गोळी पोटात जाईपर्यंत हलायचं नाही.

"गिळली. जीभ दाखवू?"

"दाखव."

"तुझ्या जिवाला बरं वाटावं म्हणून घेते हं. पटलंय म्हणून नाही."

"चालेल."

मागच्या मशीनवरची बाई हे रोज बघत होती. तिनं पाय थांबवला. "ताई, मग आमचं काय? रोज घ्यायची, की तुम्ही सांगितली तशी?"

चौकश्या वळला. "तू यांना सांगितलंस?"

"गुणाची गोष्ट माणूस चार जणांना सांगतोच."

"आणखी कुणाला?"

ताईनं दोऱ्याचं टोक ओलं केलं आणि सुईत ओवलं. "आता ते मी मोजत बसले का? मापं द्यायला येतात त्या आया, शेजारची केस कापणारी, कोण कोण."

त्या दिवशी त्यानं ऑफिसला दांडी मारली. दुकानाच्या तोंडाशी स्टूल टाकून बसला. एक बाई मुलाला घेऊन शर्टाचं माप द्यायला आली. त्यानं विचारलं, घरात कुणाला रक्तदाब आहे का?

"आहे की, सासूबाईंना."

"गोळी रोज घेतात?"

"नाही हो, दिवसाआड. तशी जास्त लागू पडते ना."

"हे कुणी सांगितलं?"

"सगळेच सांगतात," बाई म्हणाली, आणि मुलाचा हात सरळ करून बाहीची लांबी दाखवू लागली.