घाईत भरलेला घास

माझं शुद्धलेखन चुकतं आणि अक्षरही धड नाही, त्याची आधीच माफी मागते. चौथीनंतर पेन हातात आला तो बचत गटाच्या कागदांवर सही करण्यापुरता. चारचौघींत माझ्या तोंडून शब्द निघत नाही. म्हणून जे झालं ते लिहून ठेवते.

पुण्याच्या मॅडमचा फोन आला तेव्हा मी सुईत दोरा ओवत होते. माझ्या सुनेनं, रेखानं, फोन स्पीकरवर टाकला.

"ताई, किती झाल्या?"

"निम्म्या होत आल्या मॅडम," रेखा म्हणाली.

"जरा फास्ट घ्या हं. पण घाईत केल्यासारख्या दिसायला नकोत. टाके थोडे वाकडे असू द्या. हाताचे वाटले पाहिजेत."

फोन बंद झाल्यावर शांताकाकू म्हणाल्या, "वाकड्याची काळजी करू नको म्हणावं. ते आपोआप पडून राह्यलेत."

आमचा केदारखेड्यात बायकांचा बचत गट आहे. आम्ही गोधड्या शिवतो. गटाची अध्यक्ष मी आहे. निवडीच्या दिवशी सगळ्या नको नको म्हणत होत्या आणि मला नको म्हणायलाही जमलं नाही, एवढंच त्याचं कारण. हिशोब, फोन आणि व्हिडिओ रेखा बघते. ती बी.कॉम. आहे. शांताकाकू आमच्यात सगळ्यात मोठ्या, आणि गोधडीच्या कामात त्यांचा शब्द शेवटचा.

मॅडमनी डोंगराकडेला शेतघरं बांधली आहेत. शहरातली माणसं तिथे पैसे भरून राहायला येतात. फोन जमा करायचा, मावळता सूर्य बघायचा, अंगणात गोधडीवर बसून शेंगा फोडायच्या, आणि संध्याकाळी तासभर कुणी बोलायचं नाही.

हे ऐकल्यावर काकूंनी विचारलं होतं, "शेंगा फोडायचे पैसे ती माणसं देतात का घेतात?"

"देतात," रेखा म्हणाली.

"मंग इकडं धाड की त्याह्यला. माझ्या पडवीत दोन पोती पडलेत."

अशा निवांत माणसांसाठी मॅडमना चाळीस गोधड्या हव्या होत्या, आणि त्या दिवाळीच्या आत. एवढी मोठी ऑर्डर आम्हाला आधी कधी मिळाली नव्हती. ही नीट गेली तर पुढच्या सीझनला आणखी मिळणार होती आणि बायकांना वर्षभर सावलीतलं काम होणार होतं. मॅडमनी अॅडव्हान्स दिला. तो कापडात, दोऱ्यात आणि बायकांच्या मजुरीत गेला. म्हणजे आता माघारी फिरता येत नव्हतं.

गोधडी कशी होते ते थोडक्यात सांगते. जुन्या लुगड्यांचे थर एकावर एक अंथरायचे. चार कोपऱ्यांवर चौघींनी बसायचं आणि धावदोरा घालत आत आत सरकायचं. सुरुवातीला चौघी लांब असतात, तेव्हा मोठ्यानं बोलायच्या गोष्टी होतात. कुणाच्या म्हशीचं, कुणाच्या जावयाचं. मधल्या भागात आलं की डोकी जवळ येतात आणि आवाज खाली जातो. ज्या गोष्टी घरात सांगता येत नाहीत त्या तिथे निघतात. गोधडी संपेपर्यंत एकीचं तरी मन मोकळं झालेलं असतं.

रेखानं पहिल्याच आठवड्यात हिशोब मांडला.

"आई, एका गोधडीतला निम्मा वेळ बोलण्यात जातो."

"जाऊ दे की," मी म्हणाले.

"जाऊ दे कसं? टार्गेट हाय आपल्याला."

मग तिनं चौघींना चार भिंतींकडे तोंड करून बसवलं. चौघी मिळून एक गोधडी करायच्या ऐवजी प्रत्येकीला वेगळी दिली. चहा जागेवर आला. काम खरंच वाढलं. खोलीत सुईचा आवाज ऐकू यायला लागला, तो मी इतक्या वर्षांत कधी ऐकला नव्हता. मलाही ते बरं वाटलं, कारण कुणी बोलत नसलं की मला का बोलत नाही म्हणून कुणी टोकत नाही.

मध्येच मॅडमचा मेसेज आला. बायका गप्पा मारत, हसत गोधडी शिवताहेत असा व्हिडिओ पाठवा, गेस्टना दाखवायचा आहे. रेखानं सगळ्यांना भिंतीकडून उठवून एका गोधडीभोवती बसवलं.

"हसा," ती म्हणाली.

कुणी हसेना.

"आवं बोला कायतरी!"

"बोलू का?" काकू म्हणाल्या. "नक्की? मजुरी तर कापणार न्हाईस ना?"

यावर सगळ्या अशा हसल्या की रेखाच्या हातातला फोन हलला आणि पुन्हा शूटिंग करावं लागलं. अख्खी दुपार त्यात गेली. त्या सगळ्या दिवसांत आम्ही पोटभर हसलो ती तेवढी एक दुपार, आणि तीही ऑर्डरीचं काम म्हणून.

आता घासाचं सांगते. गोधडी पुरी होताना मधोमध छोटा कप्पा ठेवतात आणि त्यात भाकरीचा तुकडा घालून वरून ठिगळ शिवतात. याला घास म्हणतात. गोधडीचं पोट भरलेलं असलं की पांघरणारा उपाशी झोपत नाही, असं आमच्याकडे मानतात. तुकडा उन्हात चांगला कडकडीत वाळवून घ्यायचा असतो. त्याला दिवस लागतात.

"काकू, घास राहू द्या. कोणाला कळतंय?" रेखा म्हणाली.

"उपाशी गोधडी माझ्या हातून जायची न्हाई."

"वाळवायला टाइम न्हाई पण!"

"मंग बिनवाळलेला घालू."

दोघींचाही शब्द राहिला. डब्यातल्या भाकरीचा तुकडा मोडायचा, कप्प्यात घालायचा आणि शिवून टाकायचं. काही तुकड्यांना शेंगदाण्याच्या चटणीचं तेलही लागलेलं असणार. जेवता जेवता काम चाललं होतं. मी हे सगळं बघत होते. माझ्याही हातून तसेच घास गेले. लगेच प्लास्टिकमध्ये पॅकिंग झालं आणि जालन्याहून गाडीत माल गेला. वेळेच्या दोन दिवस आधी. मॅडमनी फोनवर टाळ्या वाजवल्या.

दिवाळीनंतर फोन आला. या वेळी रेखा माहेरी गेली होती, म्हणून मला घ्यावा लागला.

"ताई, तुमच्या गोधड्यांत मुंग्या आहेत!"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"काल संध्याकाळी सगळे गेस्ट मौनात पडून होते. एकदम किंचाळत उठले! एक गोधडी उसवली तर आतून बुरशी आलेली भाकरी निघाली. भाकरी, ताई! का?"

उत्तर साधं होतं. पण माझ्या तोंडून ते निघेना. शेवटी शेजारी कान लावून बसलेल्या काकूंनी फोन ओढून घेतला.

"पोट भरावं म्हणून टाकली बाई."

"कुणाचं?"

"गोधडीचं."

मग ऑर्डर कॅन्सल झाली. माल परत येणार आणि अॅडव्हान्स परत द्यायचा. मॅडमचं चुकलं असं मी म्हणणार नाही. मौनात मुंगी चावल्यावर माणूस दुसरं काय करणार?

गठ्ठे परत आले तेव्हा बायका त्यांच्याकडे बघेनात. मजुरी परत मागतील या भीतीनं दोघी तर यायच्याच बंद झाल्या. मी त्यांच्या घरी जाऊन बसले. तिथेही मला काही बोलता आलं नाही. पण मी रिकाम्या हातानं आले, हिशोबाचा कागद घेऊन आले नाही, यावरून मजुरी परत मागायची नाही हे त्या समजल्या.

सगळ्या गोधड्यांची पोटं उसवली. धुतल्या, वाळवल्या. अंगणात खाटेवर भाकरीचे तुकडे वाळत टाकले आणि कावळे हाकायला काकू बसल्या. तुकडे वाळेपर्यंत दुसरं काही करण्यासारखं नव्हतं, म्हणून बायका तिथेच येऊन बसायला लागल्या. भिंतीकडे तोंड करा असं रेखानं या वेळी सांगितलं नाही. एकदा तर ती स्वतःच काकूंच्या डोक्यात तेल घालत बसलेली मी पाहिली.

गोधड्या एक एक करून गेल्या. कुणाच्या लेकीला सासरी जाताना, कुणाच्या बाळंतिणीला, बाकीच्या भोकरदनच्या बाजारात. जशा गेल्या तसे मॅडमला हप्ते दिले. मधे मॅडमनी विचारलंही, घास न घालता पुढच्या सीझनला होतील का, आणि कधीपर्यंत. रेखानं माझ्याकडे बघितलं. मी म्हणाले, "होतील तेव्हा कळवू म्हणावं." अध्यक्ष म्हणून मी घेतलेला तो पहिला निर्णय. मॅडमनी अंगठ्याचं चित्र पाठवलं. त्याचा अर्थ आम्हाला अजून कळलेला नाही.

यातून मी शिकले ते इतकंच, की दुसऱ्याला निवांतपणा पुरवायची ऑर्डर घेताना डिलिव्हरीची तारीख आपणच सांगावी.

शेवटचा हप्ता भरायला मी आणि रेखा बँकेत गेलो. गटाच्या खात्यातून पैसे पाठवायचे तर दोघींच्या सह्या लागतात. नेट बंद होतं. साहेब म्हणाले बसा. बाहेर लिंबाखाली ओट्यावर बसलो. रेखाचा फोनही चालेना. थोडा वेळ तिनं चुळबुळ केली, मग माहेरच्या विहिरीची गोष्ट सांगायला लागली. पोहायला ती कुणाला न सांगता शिकली होती. लग्न होऊन सहा वर्षं झाली, मला हे माहीत नव्हतं. गोष्ट ऐन रंगात आली आणि आतून शिपायानं हाक मारली, नेट आलं.

मला थोडं वाईटच वाटलं. आत गेलो, सह्या केल्या, आणि मॅडमचे सगळे पैसे फिटले.