रुमालाखालचा आकडा

बैलबाजारात भाव तोंडाने सांगत नाहीत. दोघांच्या हातांवर रुमाल टाकायचा आणि त्याखाली बोटं दाबून आकडा कळवायचा. अख्खा पंजा म्हणजे पाच. सोळाव्या वर्षापासून मी ही दलाली केली आणि त्या जोरावर अकोल्यात जुन्या ट्रॅक्टरांचा धंदा उभा केला. समोरच्याने सांगितलेला आकडा अर्धा धरायचा, हे अंगात इतकं मुरलं की घरीही तेच. बायकोने दोन साड्या मागितल्या की मी एक आणायचो. तीही हुशार, एक हवी असली की दोन सांगायची. चौतीस वर्षं आमचं बरं चाललं.

मग तिच्या छातीतला कॅन्सर पाठीच्या कण्यात उतरला. अमरावतीच्या दवाखान्यात डॉक्टरबाईंनी तिला विचारलं, "शून्य म्हणजे काहीच दुखत नाही, दहा म्हणजे सहनच होत नाही. तुमचं किती?"

"आठ," ती म्हणाली.

"पाच धरा मॅडम," मी म्हटलं. "आमच्या घरी आकडा वाढवूनच सांगतात."

तिने माझ्याकडे बघितलं. "बरं, पाच लिवा."

तिचा धाकटा भाऊ अमरावतीतच शिक्षक आहे. तो बाकावरच्या साऱ्या पेशंटांसमोर ओरडला, "भाऊजी, बैलबाजार व्हय का हा?"

ज्याच्या लग्नाची बोलणी मी पुढे बसून केली, त्याने मला चार लोकांत असं बोलावं! त्या दिवशी त्याच्या घरचं पाणीही न पिता मी परतलो.

डॉक्टरबाईंनी आठच लिहिलं. मॉर्फिनच्या गोळ्या दिल्या: दर चार तासांनी एक, दुखो वा न दुखो, सोबत पोट साफ राहण्याचं औषध. दर वेळी आकडा वहीत लिहायचा. गोळीनंतर तासाभराने तो चारच्या वर असला तर जादा गोळी द्यायची. निघताना त्या म्हणाल्या, "पाय बधिर वाटले किंवा लघवी अडली, तर उद्यावर टाकू नका. त्याच दिवशी या."

वही मी माझ्याकडे ठेवली. ती सात म्हणायची. "नीट विचार कर," मी म्हणायचो. ती सहावर यायची. मी चार लिहायचो. तिला दुखावं असं मला वाटत नव्हतं. मला भीती होती की जादा गोळ्या आताच दिल्या, तर पुढे खरी वेळ येईल तेव्हा लागू पडेल असं काही हातात उरणार नाही. बाजारात मी माझा शेवटचा आकडा कधीच आधी सांगितला नव्हता.

एका दुपारी ती आपणहून "तीन" म्हणाली. मी खूश झालो. थोड्या वेळाने ती भिंत धरून मोरीकडे निघाली. डाव्या पायातली चप्पल मागे राहिली, आणि ती तशीच चालत राहिली.

"चप्पल राहिली न तुई," मी म्हटलं.

"कोणती?" तिने खाली बघितलं, तेव्हा कुठे तिला कळलं.

"कवापासून असं?"

"परवापासून दोनी पायांत मुंग्या हायेत. आज डाव्यात तं काईच समजत नाई."

"मंग काहून नाई सांगतलं?" मी ओरडलो.

"तुमी सारं अर्धंच धरता. दोन पाय सांगतले असते, तं एकच धरला असता."

दोन महिने ज्याच्याशी बोललो नव्हतो, त्या साळ्याला फोन लावला. "तिले घेऊन येऊन राहिलो. पाय गेले तिचे."

"या भाऊजी. मी दवाखान्यात उभा राहतो," एवढंच तो बोलला.

शेजाऱ्याने गाडी काढली. मागच्या सीटवर तिला आडवं केलं, डोकं माझ्या मांडीवर. मूर्तिजापूरच्या अलीकडे रस्ता उखडलेला होता. प्रत्येक धक्क्याला तिचं अंग ताठ व्हायचं, पण परक्या माणसासमोर तिने तोंडातून आवाज काढला नाही.

"किती?" मी हळूच विचारलं.

माझ्या खांद्यावरचा रुमाल ओढून तिने आमच्या हातांवर टाकला. लग्नानंतर गंमत म्हणून मीच तिला ही बोटं शिकवली होती. तिने माझा अख्खा पंजा दाबला. पाच. मी श्वास सोडला. तेवढ्यात तिने पंजा पुन्हा दाबला.

रुमालाखाली आकडा पटला नाही, तर आपला दाबायचा असतो. सवयीने माझ्या बोटांनी तिची तीन बोटं धरलीही होती. मी ती सोडली. डबीतून जादा गोळी काढली, घोटभर पाण्यासोबत दिली आणि वहीत दहा लिहिलं. गाडी हलत होती; अक्षर वेडंवाकडं आलं.

दवाखान्यात तपासणी झाली आणि त्याच दिवशी शेक सुरू केला, म्हणजे कण्यावर किरणं. डॉक्टरबाईंनी वही चाळली. "हे चार कोणाचे?"

"माझे."

त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "या औषधात शेवटचा आकडा नसतो. दुखणं वाढलं तर डोस वाढवता येतो. आज दिल्याने उद्याचं संपत नाही." हे मी पहिल्या दिवशीच विचारू शकलो असतो. त्या दिवशी मी भाव पाडत होतो.

उजव्या पायात बळ आलं. डावा ओढतच राहिला. वॉकर धरून ती मोरीपर्यंत जाते.

साळ्याने तेव्हा चार लोकांत बोलायला नको होतं, हे माझं आजही म्हणणं आहे. त्याच्याकडे चहा घेतो, पण ते बोलणं विसरलेलो नाही.

वही आता तिच्या उशाशी असते. आज सकाळी तिने सहा लिहिलं आणि वही माझ्यापुढे धरली.

"पाहून घ्या. वाढवून तं नाई लिवला?"

मी डबी उघडली आणि पाणी आणायला उठलो.