दत्ता सरांची लिनक्सची खोली

बातमीदाराच्या वहीत दोन प्रकारचा मजकूर साठतो. एक छापून येतो आणि दुसऱ्या दिवशी त्यात कुणीतरी भजी बांधून देतो. दुसरा कुणी छापत नाही, म्हणून तो टिकतो. जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत मी हयात घालवली. माझ्या वह्यांत न छापलेला सगळ्यात जास्त मजकूर आहे तो नारायणगावाला लागून असलेल्या वारूळवाडीतल्या एका खोलीचा. चार मित्र जमले की कुणीतरी म्हणतंच, "दत्ता सरांच्या खोलीचं सांगा राव." मग एक किस्सा काढला की त्याच्यामागे तीन येऊन उभे राहतात.

आता त्या खोलीत मोबाईलची कव्हरं विकतात. मी जाता-येता उगाच तिथे थांबतो. दुकानदार विचारतो, "काय पाहिजे काका?" मला जे पाहिजे ते त्याच्याकडे नाही.

*

नव्वदच्या दशकात ती टायपिंगची खोली होती. दत्ता मूळचा अवसरी बुद्रुकचा, माझा कॉलेजातला मित्र. त्याच्या दहा मशिनांची खटखट रस्त्यापर्यंत ऐकू यायची. पुढे कॉम्प्युटर आले आणि खटखट बंद पडली. दत्ताने पुण्यातल्या एका बंद पडणाऱ्या ऑफिसातून चार जुने कॉम्प्युटर आणले. सगळे म्हणाले, कॉपी केलेली विंडोज टाक, सगळेच टाकतात. दत्ता म्हणाला, "चोरीचा माल शिकवायचा आणि वर गुरुपौर्णिमेला हार घालून घ्यायचा, हे मला जमायचं नाही."

त्याने लिनक्स टाकलं, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी दुसरी प्रणाली. तेव्हा त्याचा एक नवा, सोपा केलेला प्रकार निघाला होता. फुकट. वापरा, वाटा, हवा तसा बदला. सीड्या परदेशातून पोस्टाने घरपोच यायच्या. पडद्यावर अर्धं मराठी, अर्धं इंग्रजी. म्हणजे अगदी आपण बोलतो तसं.

अडचण एकच. नोकरीच्या प्रत्येक अर्जात कॉम्प्युटरचं सर्टिफिकेट मागायला लागले होते, आणि ते द्यायचं तर पुण्याच्या एका संस्थेची मान्यता हवी. दत्ताने अर्ज केला. मला म्हणाला, "मान्यता मिळाली तर खोली राहील. नाहीतर मी चाललो अवसरीला बटाटे लावायला."

गावभर एकच बोलणं, हे इंजिनिअर लोकांचं काम, नवशिक्याला झेपणार नाही. मी प्रत्येकाला विचारायचो, "तुम्ही स्वतः बघितलंय का?" कुणीही बघितलेलं नसायचं. या एका मुद्द्यावर माझी निम्म्या नारायणगावाशी भांडणं झाली. त्यातलं एकही मी मागे घेतलेलं नाही.

*

पहिला विद्यार्थी पोपट. टोमॅटोच्या आडतीवर लिहायला बसायचा. सायबर कॅफेत जाऊन जाऊन कॉम्प्युटर शिकलेला, त्यामुळे पहिल्या दिवसापासून आम्हालाच शिकवायचा. एकदा आला तोच घामाघूम. त्याच्या पेन ड्राइव्हमध्ये व्हायरस होता. आडतीवरचा कॉम्प्युटर बसला होता, त्याच्या मेहुण्याचाही बसला होता.

दत्ता म्हणाला, "लाव इथं."

पोपटने भीत भीत लावला. काही झालं नाही. फाइली उघडल्या, बंद केल्या, पुन्हा उघडल्या. मशीन आपलं शांत. पोपट दहा मिनिटं वाट बघत बसला. मग उठला आणि नाराजीने म्हणाला, "कसलं मशीन हाय सर, याला साधा व्हायरस पण लागत न्हाई."

दुसऱ्या दिवशी त्याने बाहेर सांगितलं, दत्ता सरांच्या कॉम्प्युटरमध्ये बरंच काही चालत नाही.

*

मग लोडशेडिंग. आमच्याकडे विहिरीवरच्या मोटरचं बटण कुणी बंद करत नाही. लाईट गेली तरी चालूच ठेवायचं, म्हणजे लाईट आली की मोटर आधी पाइपातली हवा काढते आणि मग आपोआप पाणी उचलते. दत्ताची सगळी पोरं बागायतदारांची. लाईट गेली की ती कॉम्प्युटरचं बटणही तसंच सोडून चहाला जायची. दत्ता ओरडून थकला.

लाईट आली की चारही मशिनं एकदम सुरू व्हायची. धाडकन बंद पडल्यामुळे डिस्क तपासायला घ्यायची. काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी सरासरा वर जायच्या. बाहेरगावचा कुणी नवखा घाबरून म्हणायचा, "बिघडला वाटतं."

पोरं चहाचा कप हातात धरून सांगायची, "बिघडला न्हाई पावणं, हवा काढतोय. आत्ता पाणी येईल."

आणि यायचं. यापेक्षा चांगलं समजावून सांगितलेलं मी एकाही इंग्रजी पुस्तकात वाचलेलं नाही.

*

खंडेनवमीला शोभावहिनी, म्हणजे दत्ताची बायको, हत्यारांची पूजा करायला खोलीवर आल्या. टायपिंगची मशिनं असताना त्या दर वर्षी प्रत्येकाला हळदकुंकू लावायच्या. चारही कॉम्प्युटरना लावलं, झेंडूची फुलं वाहिली. मग विचारलं, "आणि ते तुमचं फुकटचं लिनक्स कुठाय?"

दत्ताने कौतुकाने सीडी हातात दिली. वहिनींनी चकचकीत बाजूवर, भोक आणि कड यांच्या बरोबर मधे, हळद आणि वर ओलं कुंकू लावलं, दोन अक्षता चिकटवल्या आणि नमस्कार केला.

त्या महिन्यात पोस्टाने आलेली ती एकच सीडी होती. दुसऱ्या दिवशी तिच्यावरून एक मशीन नव्याने भरायला घेतलं. निम्म्यावर येऊन अडकलं. पुसून लावली, पुन्हा तिथेच अडकलं. दत्ताने वहिनींना पत्ता लागू दिला नाही. सीडी मागवण्याचा नवा अर्ज भरताना कारण विचारलं होतं तिथे त्याने इंग्रजीत प्रामाणिकपणे लिहिलं: आधीच्या सीडीची पूजा झाली.

दीड महिन्यात दहा सीड्या आल्या.

*

हिराबाई आली ती टाईप करून घ्यायला. डोंगरातल्या आहुपे गावची बाई, चौथी शिकलेली, पन्नाशीची. लेकीच्या बाळंतपणासाठी वारूळवाडीत राहिली होती. गावाची एसटी वरचेवर रद्द व्हायची, त्याचा अर्ज द्यायचा होता.

दत्ता म्हणाला, "तुम्हीच टाईप करा."

"माझी चेष्टा करता का सर?"

"चेष्टा कशाला? बटणांवर मराठी अक्षरं चिकटवलीत. वाचता येतं ना?"

तिने आयुष्यात कॉम्प्युटर बघितला नव्हता. त्यामुळे तो कसा असायला हवा, हे तिला आधीच ठाऊक नव्हतं. समोर दिसेल ते ती वाचायची आणि वाचलं ते दाबायची. चार दिवसांत सात ओळींचा अर्ज झाला. प्रिंट निघाली तेव्हा कागद तिने पदराच्या टोकाने धरला, शाई ओली असेल म्हणून.

अर्जाला उत्तर आलं नाही. हिराबाई मात्र रोज यायला लागली. बाळ निजलं की ती खोलीवर. गावाकडच्या हिरड्याच्या झाडांची नावं टाईप करायची. तिच्याकडे प्रत्येक झाडाला वेगळं नाव होतं, हे आम्हाला तेव्हाच कळलं.

दत्ताची स्वतःचीच पंचाईत होती. वर्षानुवर्षं टाइपरायटर शिकवलेला, त्यामुळे बोटं जुन्या जागी जायची. इथे मराठी अक्षरांची मांडणीच निराळी. 'क' दाबायला जायचा आणि भलतंच उमटायचं. हिराबाई शेजारून बघायची आणि म्हणायची, "सर, वाचून दाबा की."

*

शेवटी पुण्याहून तपासणीला साहेब आले. जीपमधून उतरले, पाणी प्यायले, मान्यतेचा फॉर्म काढला. बोलायला सभ्य माणूस. दत्ताने इस्त्रीचा शर्ट घातला होता. पोपट दाराशी उभा होता. मी मागे स्टुलावर, आणि हिराबाई नेहमीच्या मशिनवर.

दत्ता सांगायला पुढे झाला तर साहेब म्हणाले, "तुम्ही काही बोलू नका. मला स्वतः बघू द्या."

ते बसले. माऊस थेट खाली डाव्या कोपऱ्यात नेला, विंडोजमध्ये 'स्टार्ट'चं बटण असतं तिथे. तिथे काही नव्हतं. पुन्हा नेला. मग उजव्या कोपऱ्यात. मेनू वर होता, पण त्यांनी वर बघितलं नाही. पाच मिनिटं गेली. साहेबांनी बोलू नका म्हटल्यामुळे दत्ताने ओठ दाबून धरले होते. साहेबांच्या कपाळावर घाम दिसायला लागला.

हिराबाई खुर्ची सरकवून त्यांच्या शेजारी गेली. "सायेब, भिऊ नका. बिघडत न्हाई. मी पण पैल्या दिवशी अशीच बसले व्हते. वर बघा. काय लिवलंय?"

"अनुप्रयोग," साहेबांनी वाचलं.

"दाबा."

तिने त्यांच्याकडून लिहिण्याचा कागद उघडवला, त्यांचं नाव मराठीत टाईप करवलं आणि साठवून ठेवायला लावलं. साहेब स्वतःच्या नावाकडे बघून हसले. "छान आहे," म्हणाले. मग फॉर्म पुढे ओढला आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: 'ही प्रणाली नवशिक्यांसाठी अवघड आहे. मान्यतेची शिफारस करता येत नाही.'

मी स्टुलावरून उठलो. काय बोलणार होतो ते इथे छापता येणार नाही. दत्ताने माझा शर्ट मागून पकडला.

आम्ही सगळे जीपपर्यंत गेलो. जीपमध्ये बसता बसता साहेबांनी दत्ताला बाजूला घेतलं आणि हळूच विचारलं, "यातली एखादी सीडी मिळेल का? घरी मिसेसना शिकायचंय. त्यांनी कॉम्प्युटरला कधी हातच लावला नाही."

दत्ता आत गेला. खोक्यातली सीडी काढली, शर्टाच्या बाहीने पुसली, बाहेर येऊन त्यांच्या हातात दिली. जीप पुण्याच्या रस्त्याला लागली.

"का दिलीस?" मी ओरडलो. "तुझी खोली गेली, आणि वर त्याला सीडी?"

दत्ता जीप दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिला. मग म्हणाला, "अरे, त्यांची बायको नवशिकी आहे."