अडवलेल्या जहाजावरचं पाणी

भोसरीच्या वर्कशॉपात फिटर म्हणून लागलेला माणूस जहाजं तपासणारा सरकारी सर्व्हेअर झाला, हे साहेबरावांच्या पिंपळे गुरवच्या गल्लीत अजून कुणाला पटत नाही. पण साहेबराव शिकले, जहाजावर इंजिनिअर झाले, बारा वर्षं समुद्रात काढून मग खात्यात आले. इंजिनाच्या आवाजावरून त्याचं दुखणं सांगायचे. त्यामुळे थोडी मिजासही होती. खात्याचा प्रमुख दर दोन-तीन वर्षांनी प्रशासनातून यायचा, जहाजाशी काडीचा संबंध नसलेला. या वेळी विजयश्री मॅडम आल्या, तेव्हा साहेबराव बायकोला म्हणाले, "कालपर्यंत मराठवाड्यात दुष्काळ बघत होत्या, आता जहाजं बघणार. चालू द्या!"

त्याच महिन्यात त्यांनी एक मालवाहू जहाज बंदराबाहेर अडवलं. जीवरक्षक बोट खाली सोडायचे हूक गंजून जाम झाले होते. साहेबरावांनी रिपोर्ट दिला आणि पुढच्या कामाला लागले.

नऊ दिवसांनी मॅडमनी बोलावलं. समोर जहाजमालकाचा एजंट गळा काढत होता. "खलाशांना दोन दिवसांचंच पाणी उरलंय, मॅडम. जहाज सोडा, नाहीतर माणसं मरतील."

साहेबरावांना वाटलं, आता या बाई दयेपोटी सही करणार आणि ती माणसं तसल्या बोटीच्या भरवशावर भर समुद्रात जाणार.

"साहेबराव, हूक कितपत वाईट आहेत?"

"बोट उतरणारच नाही, मॅडम. जहाज बुडालं तर एकही वाचणार नाही."

"मग जहाज हलणार नाही," त्या एजंटला म्हणाल्या आणि फोन उचलला. गावोगाव टँकर पोचवलेली बाई ती. तासाभरात पाण्याची बोट ठरली, धान्य आणि डॉक्टरही. मग मालकाला नोटीस.

संध्याकाळी साहेबराव त्याच बोटीतून गेले. खलाशी ग्लासामागून ग्लास पाणी पीत होते. साहेबरावांना मान वर करवेना. पुढे हूक बदलले, तेव्हाच जहाज सुटलं.

साहेबरावांच्या निवृत्तीच्या कार्यक्रमात सगळ्यांनी त्यांच्या ज्ञानाचं तोंडभरून कौतुक केलं. साहेबराव बोलायला उठले आणि मॅडमकडे वळले.

"मॅडम, तुमचे उपकार मानायचे राहिलेत. त्या जहाजावर मी लाइफजॅकेटं मोजली होती, अठरा भरली. ती घालणाऱ्यांना प्यायला पाणी आहे का, हे विचारायचं मला नऊ दिवस सुचलं नाही."

एवढं बोलून ते हात जोडून खाली बसले.