दोन खुर्च्या, एक डॉक्टर

गल्लीत सगळे तिला दातांची डॉक्टर म्हणूनच ओळखतात. दवाखाना छोटा, पण खुर्च्या दोन. एकीवरच्या पेशंटला भुलीचं इंजेक्शन द्यायचं, ते चढेपर्यंत दुसरीवरच्याचे दात साफ करायचे आणि मध्येच कुणी गाल धरून दारात उभं राहिलं, की "बसा, बघते" म्हणायचं. एक क्षण वाया जात नाही म्हणून ती खूश असायची. संध्याकाळी मान मात्र वळायची नाही, आणि नवऱ्याने नुसतं "चहा?" विचारलं तरी ती खेकसायची.

एकदा गाल धरून आलेल्यांत ती इतकी अडकली, की पहिल्या खुर्चीकडे परतेपर्यंत तिथला शाळेच्या बसचा ड्रायव्हर मजेत शीळ घालत होता.

"डॉक्टर, ओठ परत आला बरं का माझा!"

भूल उतरली होती. तिने पुन्हा सिरिंज उचलली आणि हात थरथरला. तिने ती खाली ठेवली.

"तुम्ही बसा आधी," मदतनीस बाई म्हणाल्या. "तुम्हीच पडलात तर कुठल्या खुर्चीत घालू? दोन्ही भरल्यात."

घरी येऊन तिने जाहीर केलं, "दवाखाना विकते. तो तरुण डॉक्टर कधीचा मागे लागलाय. शनिवारी हो म्हणून टाकते."

"विक की. दातांचा कंटाळा आला?" नवऱ्याने विचारलं.

"दातांचा कशाला येईल? धावण्याचा आलाय."

"मग धावू नकोस ना बाई! शर्यतीत कुणी उतरवलंय तुला?"

ती आधी चिडली. मग कागद घेऊन दिवसभराच्या वेळा मांडत बसली.

सकाळी तिने दुसऱ्या खुर्चीवर चादर टाकली. जेवणाआधीचा तास अचानक दुखणं घेऊन येणाऱ्यांसाठी मोकळा ठेवला. "शनिवारपर्यंत बघू," ती मदतनीस बाईंना म्हणाली. "नाही जमलं तर विकायचंच."

नियम मोडायला पहिली आली कोण, तर सख्खी धाकटी नणंद.

"वहिनी, दोनच मिनिटं! पुढच्या दाताची कॅप निघालीय."

"दुखतंय?"

"दुखत नाही गं, पण हसता येत नाही!"

आत एक आजोबा नुकतंच इंजेक्शन घेऊन बसले होते. एरवी ती उठली असती. "जेवणाआधी बघते," ती बसल्या जागेवरूनच म्हणाली. "तोवर गंभीर राहा."

नणंदेने आ वासला, आणि पडलेल्या कॅपची आठवण होऊन पटकन तोंड मिटलं.

डॉक्टर स्टूल ओढून आजोबांजवळ बसली. ते बोबड्या बोलांत सुनेची तक्रार सांगत होते, ती हूं हूं करत होती. ओठ पुरता जड झाल्यावर तिने दाढ काढली. हात स्थिर होता.

"झालं? एवढंच?" आजोबांना फसवल्यासारखं वाटलं.

नणंद फुगून बसली होती. कॅप लागल्यावर आरशात हसून झालं, मग म्हणाली, "दादाला सांगते तुझं!"

"सांग. त्यानेच बिघडवलंय मला."

शनिवारी तरुण डॉक्टरचा फोन आला. "मॅडम, मग नक्की ना?"

"दवाखाना नाही विकायचा," ती म्हणाली. "एक खुर्ची मात्र आहे. हवी तर घेऊन जा."