अण्णांची मुरलेली वाळू

उद्यमबाग या औद्योगिक वसाहतीतल्या ज्या कंपनीत मी नोकरी करतो, तिथं माझ्या दारावर ‘शाश्वतता व डेटा विश्लेषण’ अशी पाटी आहे. आमच्या कंग्राळी गावात जुन्या लुगड्याची गोधडी व्हायची, गोधडीचं पायपुसणं व्हायचं, आणि त्याला शाश्वतता म्हणतात हे कुणाच्या गावीही नव्हतं. मी मात्र ते फी भरून शिकलो.

आमची कंपनी पंप बनवते. त्यांचं बिडाचं ओतकाम, म्हणजे लोखंड वितळवून साच्यात ओतलेले भाग, आसपासच्या लहान फौंड्र्यांकडून यायचं. परदेशी गिऱ्हाइकाला प्रत्येक भागामागे पर्यावरणाची माहिती हवी होती. ती आपण आधी दिली की बाकीचे पंपवाले मागे पडतील, असा आमच्या साहेबांचा होरा होता, आणि तो खराही ठरला. फौंड्र्यांनी दरमहा फॉर्म भरायचा, संगणकानं गुण द्यायचे, लाल शेरा तीन महिन्यांत सुधारला नाही की काम काढून घ्यायचं. ही सगळी रचना माझी. तेव्हा मला तिचा भारी अभिमान होता.

त्यातली एक फौंड्री आमच्या गावच्या अण्णांची. डिप्लोमा झाल्यावर मला पहिलं काम त्यांनीच दिलं होतं. माणसं आठ, भट्टी एक, आणि काम जवळजवळ सगळं आमच्याच कंपनीचं. अण्णांचा जीव वाळूत. ओतकाम थंड झालं की साचा फोडायचा, तीच वाळू चाळायची, पाणी घालून मळायची, मुठीत दाबून बघायची आणि पुन्हा साच्यात भरायची. नवी वाळू घातलीच तर पाटीभर.

“नवी वाळू लई अडाणी असती रं,” ते म्हणायचे. “मुरायला वर्सं लागत्यात.”

त्यांचा पहिला फॉर्म मीच शेजारी बसून भरला. एक रकाना होता: वाया गेलेली वाळू पुनर्वापरासाठी किती पाठवली, पावती जोडा.

“वाया जातच न्हाय, तर धाडू काय?” अण्णा म्हणाले. “घाल की कायतरी आकडा.”

“खोटं नको, अण्णा,” मी मोठ्या तोऱ्यात म्हणालो आणि शून्य लिहिलं.

शेरा लाल आला. ज्यांच्याकडून ट्रॉल्या भरून वाळू फरशीचे ब्लॉक बनवणाऱ्याकडे जात होती, ते सगळे हिरवे. मी बैठकीत विषय काढला. साहेब म्हणाले, “एकासाठी नियम वाकवला तर गिऱ्हाइकाला काय दाखवायचं?” नियम माझाच होता, चूक मला समोर दिसत होती, तरी मी “बरोबर आहे सर” म्हणून गप्प बसलो. मी घाबरलो होतो. याला दुसरा शब्द नाही.

नियमाप्रमाणे अण्णांना सुधारायला तीन महिने मिळाले. एका सकाळी गेलो तर फौंड्रीच्या दारात ट्रॉली उभी होती आणि अण्णा स्वतः फावड्यानं वाळू भरत होते. चांगली, काळीभोर, मुरलेली वाळू.

“बाकीची करत्यात तेच करतोय,” ते म्हणाले. “पावती मिळती न्हवं?”

मी अडवायला हवं होतं. पण खरं सांगतो, मला हायसं वाटलं. आता शेरा सुधारेल, काम राहील, आणि मला कुणाशी भांडावं लागणार नाही. पावतीचा फोटो मीच संगणकावर चढवला. शेरा हिरवा झाला. त्या वाळूच्या जागी लांबून ट्रकनं नवी वाळू आली. त्या ट्रकच्या डिझेलला आमच्या फॉर्ममध्ये रकाना नव्हता.

नवी वाळू अण्णांच्या मुठीत बसेना. त्यांनी पाणी कमी केलं, जास्त केलं, साचे भरणारी माणसं आलटून-पालटून पाहिली, तरी भागांना बारीक भोकं पडायची. आमच्याकडे दर्जाचं वेगळं विश्लेषण होतं, आणि तेही माझ्याच खात्यात. महिनाभर परत गेलेल्या भागांचा आलेख वर चढत राहिला. मग काम बंद केल्याचं पत्र निघालं. पर्यावरणाच्या यादीत त्या दिवशीही अण्णा हिरवेच होते.

पत्र टपालानं पाठवायला मन धजावलं नाही म्हणून मी स्वतः घेऊन गेलो. आठही माणसं बाहेर कट्ट्यावर बसली होती. अण्णांनी पत्र वाचलं, घडी करून खिशात ठेवलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

“काम गेलं तर जाऊ दे,” ते म्हणाले. “गावातलं किरकोळ काय मिळंल त्यावर ह्या माणसांस्नी सांभाळतो. पर ती माझी वाळू तेवढी माघारी मिळंल काय रं? बघ की इचारून.”

मी त्यांच्यासमोरच ब्लॉकवाल्याला फोन लावला. त्या वाळूचे ब्लॉक केव्हाच पाडून झाले, विकलेही गेले, असं त्यानं सांगितलं आणि फोन ठेवला.

अण्णा माझ्या तोंडाकडे बघत होते. पलीकडे कुणी नव्हतं, तरी मी फोन कानाला तसाच धरून उभा राहिलो.