किमान आणि कमान

नियम पाळणारी माणसं ढिगाने सापडतील, पण कलमदादाइतकी नियमांची हौस कुणाला नव्हती. धंदा लोखंडी फाटकं, जिने आणि खिडक्यांचे गज करायचा. गिऱ्हाईक घासाघीस करायला लागलं की हा भिंतीवरच्या पाटीकडे बोट दाखवायचा, कलम चार. पत्त्यांच्या डावात कुणी शेजाऱ्याच्या पानांत डोकावलं की याचं कलम तयार. म्हणून नाव पडलं कलमदादा, आणि खरं नाव बहुधा तो स्वतःही विसरला असावा.

त्याची बायको शाळेच्या मुलांची व्हॅन चालवायची. हात असा, की वळणावर पोरांच्या बाटलीतलं पाणी हलायचं नाही. तिची एकच इच्छा होती. मागून कुणी "मावशी, हा चिमटे काढतोय" म्हणून बोंबलत नसताना आयुष्यात एकदा तरी मनसोक्त गाडी पळवायची. गावाबाहेरच्या ट्रॅकवर नवशिक्यांसाठी उघड्या चाकांच्या गाड्यांची शर्यत जाहीर झाली, गाडी घरी बांधलेली चालेल असंही कळलं, तेव्हा तिने नवऱ्याला विचारलं, बांधाल का? कलमदादाला शर्यतीचं काडीचं सोयरसुतक नव्हतं. पण सोबत नियमांचं जाडजूड पुस्तक मिळतं म्हटल्यावर गडी एका पायावर तयार झाला.

पुस्तक आलं आणि घरातली शांतता गेली. जेवताना कलम, झोपताना कलम. चालकाच्या डोक्यामागची नळी किती जाड हवी, इंजिन आणि चालकाच्या मध्ये पत्रा कसा हवा, आग विझवायचा सिलिंडर कुठे बसवायचा, सगळं तोंडपाठ. पुस्तकाने आकडा दिला की हा बरोबर तेवढाच करायचा, केसभर इकडे नाही की तिकडे नाही. सांगाडा अंगणात उभा राहिला तेव्हा शेजारी पलंग छान झालाय म्हणून सांगून गेले.

फक्त एका कलमापाशी त्याचं धाबं दणाणलं. "चालकासह गाडीचं किमान वजन" असं लिहून पुढे आकडा होता. किमान आणि कमाल यांचा त्याचा घोळ पार शाळेपासूनचा. त्यावर पठ्ठ्याने स्वतःची युक्ती काढली होती. किमान म्हणजे कमानीसारखं. कमान डोक्यावर असते, तिच्यावर जायचं नाही. या कमानीखाली तो इतकी वर्षं सुखाने नांदला, कारण आकडा आला की तंतोतंत तेवढाच, मग तो वरचा की खालचा हा प्रश्न येतोच कुठे? वजनाचं तसं नव्हतं. लोखंड आपल्या हातात असतं, पण बायको?

बायकोच्या वजनाचा विषय शहाणा माणूस काढत नाही. याने भंगारवाल्याकडून पोती मोजायचा लोखंडी काटाच आणला आणि रोज सकाळी तिला त्यावर उभं करायला लागला. चहातली साखर गेली, रात्रीचा भात गेला, तळलेलं तर नावालाही उरलं नाही. इकडे पेडलला भोकं, सीटला भोकं, गाडीपेक्षा चाळण जड. ती बिचारी शर्यतीपायी सगळं सोसत होती. व्हॅनमधली एक चिमुरडी आपलं बिस्कीट पुढे करायची आणि हिच्या डोळ्यांत पाणी यायचं.

शर्यतीच्या सकाळीही याने काटा व्हॅनमध्ये घातला, म्हणे ऐन वेळी धोका नको. ट्रॅकवरचे तपासनीस म्हातारे होते, चष्मा गळ्यात लटकलेला. नळी पाहिली, पट्टे ओढून पाहिले, पत्र्यावर टिचकी मारली आणि दर वेळी मान डोलावली. कलमदादाची छाती फुगत चालली. मग बायकोसकट गाडी ट्रॅकच्या वजनकाट्यावर चढली आणि ते म्हणाले, कमी आहे.

"मग! घाम गाळलाय साहेब," कलमदादा म्हणाला.

तपासनिसांनी समजावलं की कमी चालत नाही. किमान म्हणजे निदान एवढं तरी हवंच, नाहीतर शर्यत विसरा. कलमदादा त्यांना कमानीची गोष्ट सांगायला लागला आणि अर्ध्यावरच त्याला आपला घोळ उमगला. पट्ट्यांत आवळलेल्या बायकोने शांतपणे हेल्मेट काढलं.

"अहो, रोज रेडिओवर किमान तापमान सांगतात, तेव्हा तुम्हाला काय वाटायचं?"

"मला वाटायचं, ते चुकतात," तो पुटपुटला. त्याला खरोखरच धरणी दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं असं झालं होतं.

सुटं वजन चालत नाही, लोखंड तळाला बोल्टने पक्कं बसवलं तर चालतं, असं तपासनीस म्हणाले. "मग त्या काट्याचा वरचा पाट काढा," बायको म्हणाली, "आणि बसवा माझ्या सीटखाली." कलमदादाने लगेच पाना उचलला. ज्या पाटावर तिला रोज उभं केलं, त्याला स्वतःच्या हाताने भोकं पाडून बोल्ट आवळले.

तरी अर्धा किलो कमीच. आता तर आणखी लोखंड बसवायला जागाही उरली नव्हती. कलमदादाने हळूच विचारलं, चालकाने काही खाल्लं तर? तपासनिसांनी पुस्तक उलटसुलट चाळलं आणि खाण्यावर कलम नाही असं जाहीर केलं. मग हा गडी कँटीनकडे असा धावला की शर्यत यालाच पळायची होती की काय. केळी, केक, दुप्पट साखरेचा चहा. तिच्या हातांत शर्यतीचे जाड हातमोजे, म्हणून घास हाच भरवत होता. इतक्या दिवसांनी साखर जिभेला लागली तसे तिने डोळेच मिटले. सगळ्या रांगेसमोर तो भरवत राहिला आणि काटा हळूहळू आकड्याला टेकला.

"झालं," तो सुस्कारा टाकून म्हणाला. "आता बास कर."

तिने तोंडातला घास संपवला. "किमान झालं," ती म्हणाली. "कमाल अजून लांब आहे."

कलमदादा मुकाट्याने दुसरी प्लेट आणायला गेला.